हाती काहीच लागत नाही तेव्हा: मेटल डिटेक्टर घेतलेल्या नवख्यांसाठी

गेल्या दिवाळीनंतर ओळीने अकरा रविवार मी सासवडच्या पुढे मावसभावाच्या रानात डिटेक्टर फिरवला. अकराव्या रविवारी संध्याकाळी पिशवी अंगणात उपडी केली. गोळ्यांच्या पाकिटांचे चकचकीत तुकडे, सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले, गुटख्याच्या पुड्या, तारेचे वाकडे आकडे, कुळवाच्या फासेचा गंजका तुकडा आणि एक चमचा. मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिने चमचा उचलून पदराला पुसला आणि म्हणाली, "हा आमचा आहे. बाकीचं भंगारवाल्याला घाल, किलोभर कांदे तरी येतील."

परतताना दिवे घाटात नवऱ्याने हिशेब मांडला. यंत्राचे पैसे, अकरा फेऱ्यांचं पेट्रोल, वाटेतले चहा-वडे. "एवढ्यात सोन्याचं नाणं सराफाकडून विकत आलं असतं." हिशेब बरोबर होता, म्हणून जास्त लागला.

हा छंद असणाऱ्या जगातल्या प्रत्येकाला असा कोरडा काळ भेटतो. आपल्याकडे तो जरा लांबतो, आणि त्याची कारणं आपल्या मातीत, आपल्या नाण्यांत आणि आपल्या कायद्यात आहेत. उत्साह टिकवण्याविषयी कुणालाही विचारा, लगेच "धीर धरा" असं सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. आधी यंत्र तपासा, मग रान तपासा, स्वतःच्या मनाला दोष द्यायचा तो सगळ्यात शेवटी. नवखी माणसं बरोबर उलटं करतात. मीही केलं. अकरा रविवारांपैकी निदान सात रविवार यंत्र चुकीचं लावून फिरले होते, हे मला बाराव्या रविवारी कळलं.

पहिली पायरी: चाचणीचा वाफा

घराच्या गच्चीत किंवा पार्किंगमध्ये यंत्र तपासू नका. स्लॅबमध्ये सळया असतात, यंत्र नुसतं ओरडत राहतं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असलंच एक यंत्र बनवून नेलं होतं. गोळी काही सापडली नाही. अध्यक्षांच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, हे त्यामागचं एक कारण सांगतात. टेलिफोनवाल्या बेलची ही गत, तर आपली स्लॅबवर काय होणार?

उघडी माती शोधा. ओळखीच्या कुणाच्या शेताचा बांध उत्तम. दोन हात रुंद आणि सहा-सात हात लांब वाफा करा, आणि आधी तो यंत्राने पूर्ण साफ करून घ्या. मग त्यात एकेक हाताच्या अंतरावर वस्तू पुरा. मी पुरलेल्या वस्तू अशा: आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा (हे पैसे १९४३ ते १९४७ या काळातले), ॲल्युमिनियमचे पाच पैसे, चांदीचं एक जुनं जोडवं, स्टीलचा एक रुपया, पितळी रंगाचे पाच रुपये आणि तीन इंची गंजका खिळा. जुनी तांब्याची नाणी बहुतेकांकडे नसतात, आणि केवळ चाचणीसाठी ती विकत घेण्याची गरजही नाही. पुण्यात कसब्यात तांबट आळीत जा आणि जाड तांब्याचे दोन-चार कातरलेले तुकडे मागा. जुन्या पैशाएवढा गोल तुकडा यंत्राला पुरतो. ॲल्युमिनियमची नाणी घरात नसतील तर जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, चिल्लर भावात मिळतात.

काही वस्तू पाच सेंटिमीटरवर, काही दहावर, एखादी पंधरावर. प्रत्येकीची जागा वहीत नीट काढून ठेवा, नाहीतर महिन्याभराने स्वतःचंच गुप्तधन शोधत बसाल. नाण्याएवढी वस्तू मध्यम किमतीच्या यंत्राला चांगल्या मातीत साधारण पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत कळते. आपल्या काळ्या रानात त्याहून कमीच धरा. माझ्या वाफ्यात दहा सेंटिमीटरवरचा तांब्याचा तुकडा खणखणीत वाजला, पंधरावरचा नुसता कुजबुजला. ती कुजबुज मी अकरा रविवार "काही नाही" म्हणून सोडून दिली होती.

दर वेळी रानात शिरण्याआधी पाच मिनिटं वाफ्यावरून कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची गोल तबकडी, फिरवा. कान लागतात. वाफा पावसानंतर वेगळा वाजतो आणि फेब्रुवारीत वेगळा, तेही वहीत लिहा.

दुसरी पायरी: माती आणि झटका मशीन

पुण्याभोवतीचा सगळा मुलूख बेसॉल्टचा. या काळ्या दगडात लोहखनिज भरपूर, आणि त्याचीच झीज होऊन झालेली काळी माती यंत्राच्या कानात सतत गुणगुणत राहते. वरून भाजलेल्या विटांचे आणि कौलांचे तुकडे, चुलीतले दगड. भट्टीतून निघालेली माती जास्त चुंबकीय होते, म्हणून साधा खापराचा तुकडासुद्धा कधी नाण्यासारखा फसवतो.

उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स, मातीची गुणगुण यंत्राला वगळायला लावणं. जिथे काहीच वाजत नाही अशी हातभर जागा शोधा. कॉइल वीतभर उंचीवरून जमिनीलगत न्या, पुन्हा वर, पुन्हा खाली. गुणगुण वर-खाली सारखीच ऐकू येईपर्यंत बटण जुळवा. माती बदलली की हे सगळं नव्याने करायचं. मावसभावाच्या रानात वरचा तुकडा मुरमाड आणि ओढ्याकडचा काळा आहे. मी वर एकदा बॅलन्स करायचे आणि त्याच मापावर खालपर्यंत जायचे. म्हणजे अर्धा दिवस वायाच.

नवख्यांची दुसरी खोड म्हणजे सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवणं. जास्त म्हणजे खोल, असं वाटतं. आपल्या मातीत यंत्र त्याने नुसतं बडबडतं आणि खरा आवाज त्या बडबडीत बुडतो. दोन-तीन घरं कमी करून पाहा.

आणि झटका मशीन! चौथ्या रविवारी माझं यंत्र दर सेकंदाला टिक, टिक, टिक करायला लागलं. मी कॉइल बदलली, सेल बदलले, ज्याने यंत्र विकलं त्याला फोन लावून तावातावाने बोलले. शेवटी मावसभाऊ म्हणाला, "ताई, शेजारच्यांनी रानडुकरांसाठी तारेला झटका लावलाय, त्याचं तर नाही ना?" त्याचंच होतं. कुंपणाच्या तारेतून ठरावीक अंतराने जाणारा झटका कॉइलला ऐकू येत होता. शेजाऱ्यांना विचारून मशीन तासभर बंद करून घेतलं आणि टिकटिक गेली. विक्रेत्याची मी अजून माफी मागितलेली नाही, मागायला हवी. वरून जाणारी विजेची लाइन, शेजारची मोटार आणि तुमच्या खिशातला मोबाइलसुद्धा असाच त्रास देतो. मोबाइल पिशवीत टाका आणि पिशवी बांधावर ठेवा.

तिसरी पायरी: गाळणी सैल करा

डिस्क्रिमिनेशन म्हणजे यंत्राची गाळणी. लोखंड नको, फॉइल नको, असं सांगितलं की यंत्र ते आवाज गिळतं. खिळे-चुका उकरून कंटाळलेला माणूस गाळणी घट्ट करत जातो, आणि दुष्काळ तिथूनच सुरू होतो.

आपल्या खिशातली चिल्लर काढा आणि फ्रिजवरचं चुंबक लावून पाहा. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया चिकटतो. आजकालचे दोन रुपये चिकटतात. पितळी पाच रुपये चिकटत नाहीत. म्हणजे गेल्या तीस वर्षांत शेतात, पारावर, जत्रेत लोकांच्या खिशातून पडलेली बरीचशी नाणी लोखंडाच्या जातीची आहेत. लोखंड गाळलं की कधी घोगरा आवाज येतो, कधी पडद्यावरचा धातूची जात सांगणारा आकडा उड्या मारतो, आणि कधी काहीच येत नाही. परदेशातले व्हिडिओ पाहून यंत्र लावणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, कारण तिकडे सांगणाऱ्याची नाणी वेगळी.

दुसरी गोष्ट स्वतः करून पाहा. अंगणात प्लास्टिकचं स्टूल ठेवा, लाकडी नको, त्यात खिळे असतात. स्टुलावर तांब्याचा तुकडा ठेवून कॉइल फिरवली की आवाज स्वच्छ येतो. आता त्याच्यापासून चार बोटांच्या अंतरावर गंजका खिळा ठेवा आणि पुन्हा फिरवा. आवाज तुटतो, अडखळतो. गाळणी घट्ट करा, आवाज गायब. तांबं तिथेच आहे, डोळ्यांना दिसतंय, आणि यंत्र म्हणतंय काही नाही. आता स्टुलाच्या दुसऱ्या बाजूला, काटकोनात उभ्या राहून फिरवा. माझ्याकडे तेव्हा तांब्याचा आवाज परत आला, अर्धवट का होईना. त्या दिवसापासून मी प्रत्येक तुकडा आधी उभा आणि मग आडवा असा दोनदा चालते. कचरा जास्त असेल तिथे मोठी कॉइल काढून सहा इंची लावते. ती कमी खोल जाते, पण दोन वस्तू वेगळ्या सांगते.

फॉइलचंही तसंच. सोन्याची अंगठी बऱ्याच यंत्रांवर गोळ्यांच्या पाकिटाच्याच आकड्यांच्या आसपास वाजते. फॉइल गाळणारा अंगठीही गाळतो. हे पटलं की चकचकीत तुकडे उकरताना शिव्या जरा कमी येतात. पूर्ण थांबत नाहीत.

चौथी पायरी: पाच बाय पाचचा चौकोन

आता खरं काम. दोन एकर रानात भटकायचं बंद करा. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखा. आत जो आवाज येईल तो खोदायचा, लोखंडासकट. कॉइल जमिनीला समांतर ठेवायची, झोक्यासारखी टोकाला उचलायची नाही, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे. उभं झालं की आडवं.

माझ्या पहिल्या चौकोनाला तीन तास लागले. एकतीस आवाज, एकतीस खड्डे. घरी आल्यावर चौकोनी रेघांच्या वहीत एकेक वस्तू तिच्या जागी मांडली. फॉइल सगळीकडे सांडलेलं होतं, त्यातून काही कळेना. पण बैलाच्या पायाला मारतात त्या पत्र्या, पाच अख्ख्या आणि तीन अर्ध्या, चौकोनाच्या पूर्वेकडच्या कडेला जवळजवळ एका रेषेत होत्या. मी वही मावशीपुढे धरली. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तिथून गाडीवाट होती. विहिरीला वळसा घालून सासवडच्या बाजाराला जायची. तुझ्या काकांनी बांध सरकवला त्याला चाळीस वर्षं झाली."

पुढचे चौकोन मी त्या रेषेवरच आखले. तिसऱ्या चौकोनात, बारा सेंटिमीटरवर, एक पितळी घुंगरू निघालं, घागरमाळेतलं. आतला खडा गेलेला, तोंड चेपलेलं. आणि त्याच दिवशी दोन हात पुढे, करंगळीच्या नखाहून थोडंसंच मोठं, हिरवट झालेलं एक नाणं. थुंकी लावून चोळायचा मोह होतो, तसं अजिबात करू नका. पाण्यात बुडवलं, मऊ ब्रशने माती सोडवली. एक नया पैसा, १९५७.

त्या नाण्याची बाजारात किंमत काही नाही. मावशी मात्र अर्धा तास बोलत होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा ती दहा वर्षांची. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आण्याचे सहा. वरचा पाव पैसा कुणाचा, यावरून गावच्या दुकानदाराशी तिच्या आजीचं भांडण झालेलं. "चार वेळा आण्याआण्याचं घेतलंस तर एक नया पैसा तुझाच राहतो, बाजारात जाऊन पंचवीस एकदम मोड," असं आजी सांगायची. घुंगरू मावशीने ठेवून घेतलं. ते तिच्याच घरच्या बैलांचं असणार, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

मुद्दा वहीचा आहे. वहीत सापडलेलं लिहू नका, किंवा नंतर लिहा. आधी लिहा किती चौरस मीटर पूर्ण झाले, किती खड्डे, कुठे काय कचरा. कचऱ्याला वय असतं. नुसतं फॉइल आणि बिल्ले निघाले तर ती अलीकडची भर, खाली जायला हवं किंवा जागा बदलायला हवी. फाळ, फास, पत्र्या, हातघडीचे चौकोनी खिळे लागले तर माणसांचा जुना राबता आहे, तिथून हलू नका. "आज काही नाही" असं वहीत लिहिण्यापेक्षा "पंचवीस चौरस मीटर, चौदा खड्डे, सहा जुने खिळे" असं लिहिलं की पुढच्या रविवारी कुठे जायचं हे तरी कळतं.

पाचवी पायरी: प्रश्न नीट विचारा

गावात जाऊन "इथे जुनं काही सापडतं का?" असं विचारलंत तर संपलं. संध्याकाळपर्यंत गावभर होतं की पुण्याच्या बाई गुप्तधन काढायला आल्यात. हा विषय हसण्यावारी नेऊ नका. गुप्तधनाच्या नावाने आपल्याकडे भयंकर प्रकार झालेले आहेत, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा अघोरी प्रकारांसाठीही आहे. दिवसाउजेडी जा, मालकाला बरोबर घेऊन जा, एकट्याने नको. अमावास्येला तर घरीच बसा, उगाच कशाला.

प्रश्न असा विचारा: खळं कुठे होतं? मोट कुठल्या विहिरीवर चालायची? बाजार कुठे भरायचा? पालखी गावावरून जाते तिथे माणसं कुठल्या झाडाखाली बसतात? खळ्यावर माणसं आठ-आठ दिवस बसायची, उठायची, कमरेची चंची सोडायची. मोटेच्या धावेवर बैल दिवसभर मागे-पुढे. निंदणी करताना बायकांची जोडवी निसटतात, हे तर कुठल्याही शेतकरीण आजीला विचारा, तिच्या स्वतःच्या जोडव्याची गोष्ट ती सांगेलच.

घरबसल्या करण्यासारखंही खूप आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये रस्ते, घाट, बाजारगावं, जत्रा सगळं आहे. गावनकाशा काढा आणि जुन्या वाटा पाहा. आणि दुष्काळात एक दिवस राजा केळकर संग्रहालयात घालवा. अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, रोजच्या वापरातल्या वस्तू नीट पाहून या. माझ्या डब्यात वर्षभर पडलेला पितळेचा वाकडा तुकडा कुलपाच्या किल्लीची मूठ आहे, हे मला तिथे काचेसमोर उभं राहून कळलं.

सहावी पायरी: पंचांग

ही थोडक्यात. पावसाळ्यात रानात पीक उभं असतं, जायचं नाही. पीक निघून रब्बीची पेरणी होईपर्यंत ओल असते, माती मऊ असते, ते दिवस सोन्याचे. नांगरट झाली की तेच रान नवं होतं, कारण पलटी नांगर फूटभर खालची माती वर आणतो. पण नांगरल्या नांगरल्या जाऊ नका. ढेकळांमुळे कॉइल वर उचलली जाते आणि जितकी वर तितकी खोली कमी. कुळवणी होऊ द्या. एप्रिल-मेमध्ये काळं रान विटेसारखं कडक होतं, भेगा पडतात, खुरपं वाकतं, डोकं तापतं. तेव्हा घरी राहा, कॉइलच्या कव्हरखालची माती काढा, वायरी तपासा. वर्षाचा हिशेब केला तर खरे चांगले रविवार पंधरा-वीसच निघतात. हे आधीच माहीत असलं की मे महिन्यातल्या शून्याचं दुःख होत नाही.

सातवी पायरी: दुसऱ्याचं हरवलेलं शोधा

कोरडा काळ मोडायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. १९९२ साली इंग्लंडमध्ये हॉक्सन गावातल्या शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याने एरिक लॉज या डिटेक्टरवाल्या मित्राला बोलावलं. हातोडा शोधता शोधता निघाला रोमन काळातला साठा, जवळपास पंधरा हजार नाणी आणि सोन्या-चांदीचे दागिने. हातोडाही मिळाला, आणि तोही ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. साठ्याचं सोडा. कुणाचा तरी हातोडा शोधायला जाणं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

गेल्या धुळवडीला शेजारच्या काकूंच्या जावयाची अंगठी मुळशीकडच्या एका फार्महाउसवर हरवली. काकूंचा फोन आला, "तुझं ते कुकरच्या झाकणासारखं यंत्र घेऊन येतेस का?" जावई लॉनकडे बोट दाखवत होते, तिथेच पडली म्हणत होते. हरवणारा माणूस नेहमी खात्रीने बोलतो आणि बहुतेक वेळा चुकतो. मी सगळ्यांचे फोन मागवले आणि फोटो पाहत बसले. अकरा चाळीसच्या फोटोत रंगलेल्या हातावर अंगठी आहे. सव्वाच्या जेवणाच्या फोटोत नाही. मधल्या दीड तासात काय केलं? रंग खेळले, लॉनवर लोळले आणि नळावर साबणाने हात धुतले. गार पाणी, साबण, बोट आकसलं.

काकूंच्या हातातली साधारण तेवढ्याच वजनाची अंगठी काढून घेतली, गवतावर ठेवून कॉइल फिरवली आणि आकडा मनात ठेवला. हे कधीही विसरू नका. जे शोधायचंय त्याचा आवाज आधी ऐकून घ्यायचा. मग छोटी कॉइल लावून नळापासून सुरुवात. सिमेंटच्या ओट्याशेजारी सळई ओरडत होती, म्हणून हातभर लांबून घेतलं. सांडपाणी जिथे चिखलात मुरत होतं तिथे तोच आकडा आला. चार सेंटिमीटरवर, केसांच्या गुंतवळात अडकलेली. जावई "मी म्हटलंच होतं" म्हणाले. काय म्हटलं होतं, देव जाणे.

पैसे घेऊ नका. जेवण घ्या. आणि सोसायटीत, ऑफिसात, नातेवाइकांत सांगून ठेवा की मी हरवलेल्या वस्तू शोधते. महिन्याला एखादा फोन आला तरी हात आणि कान चालू राहतात.

आठवी पायरी: वाकडं पाऊल

ही खरं तर पहिली हवी होती. पण मोह होतो तो दुष्काळातच, म्हणून इथे. दहा रविवार रिकामे गेले की समोरचा पुरंदर आणि वज्रगड दिसायला लागतो. मन म्हणतं, तिथे नाही तर कुठे? शिवनेरी, लोहगड, राजगड डोळ्यांपुढे येतात. हे तिन्ही २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले आहेत. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. ती मर्यादा बांधकाम आणि खाणकामासाठी आहे, पण माझा नियम सोपा आहे: ३०० मीटरच्या आत यंत्र गाडीबाहेर काढायचं नाही. किल्ला संरक्षित असो वा नसो, लेणी, जुनी देवळं, वाड्यांचे पडके चौथरे, कुठेच नाही. उकरलेल्या वस्तूची जागा आणि थर गेले की अभ्यासकाच्या दृष्टीने अर्धी गोष्ट पुसली जाते.

वेताळ टेकडी आणि तळजाईचा बराच भाग वनखात्याचा आहे, तिथेही नाही. लष्कराच्या हद्दीजवळ तर फिरकूही नका. काडतूस किंवा बाँबगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे या आणि ११२ ला फोन करा. मुठेचा काठही डोक्यातून काढा. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, पेठांमधल्या घरांतून काय काय वाहून गेलं हे ऐकून प्रत्येक नवख्याला तो सुचतो. आज तिथे सांडपाणी आणि राडारोडा आहे, आणि जमीन तुमची नाही.

खासगी शेतातही मालकाची परवानगी लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर. आणि खरंच काही मोलाचं लागलं तर १८७८ चा निखात निधी अधिनियम लक्षात ठेवा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर काय सापडलं, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मर्यादा अजूनही दहा रुपयेच आहे, हसू आलं तरी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, तिला १९७२ चा वेगळा कायदा. काही जुनं निघालं तर खणणं तिथेच थांबवा, फोटो काढा आणि कळवा. विकायचा विचार करत असाल तर हा छंद तुमचा नव्हे, सरळ सांगते.

शेवटी दोन-तीन बारीक गोष्टी

खड्डा बुजवा. नुसती माती लोटायची नाही, पायाने दाबायची. ठिबकची नळी कापली गेली तर लपवू नका, त्याच दिवशी सांगा आणि जोडून द्या. माझ्याकडून एकदा कापली गेली. तेव्हापासून पिशवीत जोडणीचे चार कॉक असतात, आणि मावसभावाला ती गोष्ट नाण्यापेक्षा जास्त लक्षात आहे.

रानातून निघताना कचरा बांधावर टाकून येऊ नका. सगळा पिशवीत घाला आणि मालकाला दाखवा. पत्रे, तारा, फुटके ब्लेड रानातून निघाले की शेतकऱ्याला बरं वाटतं, त्याच्या ट्रॅक्टरचं टायर वाचतं. पुढच्या वेळी परवानगी मागावी लागत नाही, फोन तोच करतो.

पोरं गोळा होतील आणि विचारतील, "सोनं सापडलं का?" त्यांना कानाला हेडफोन लावून द्या आणि कॉइल धरू द्या. माझ्या त्या पूर्वेकडच्या रेषेवर मावसभावाचा धाकटा आता माझ्याआधी आवाज ओळखतो. गेल्या आठवड्यात त्याचाच फोन आला होता. गहू निघालाय, कुळवणी शनिवारी आहे, आणि येताना त्याच्या मापाचं खुरपं आणायचंय, बोहरी आळीतून, लाकडी मुठीचं.